चूक कुत्र्याची नव्हे, घाईची



‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. माणसाचा मूळ स्वभाव बदलत नाही, हे सांगण्यासाठी ती वापरतात. पण पुष्कळदा ती खुद्द कुत्र्यालाच लावली जाते. घरात एक कुत्रे असते. स्वभावाने भित्रे, कोणी मोठ्याने बोलले तरी दचकणारे. एके दिवशी मुले गल्लीतले पिल्लू उचलून आणतात, किंवा कोणी नातेवाईक आपले कुत्रे कायमचे आणून ठेवतात. जुने कुत्रे गुरगुरते, खाणे सोडते, खाटेखाली दडून बसते, नाही तर नव्याच्या अंगावर धावून जाते. दोन-चार दिवस जातात आणि घरातील मोठी माणसे निकाल देतात, “याचा स्वभावच तसला. दोघांचे जमायचे नाही.” मग पिल्लाची रवानगी पोत्यातून गावाबाहेर होते, किंवा जुन्या कुत्र्याच्या गळ्यात दिवसरात्र साखळी पडते.

हा निकाल मला मान्य नाही. मी पदार्थविज्ञान शिकवतो. प्राणिशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु कोणताही निकाल देण्यापूर्वी प्रयोग नीट झाला होता का, हे विचारण्याची सवय प्रयोगशाळेत लागते. येथे प्रयोग नीट झालेलाच नसतो. चूक कुत्र्याच्या स्वभावाची नसते, आपल्या घाईची असते, असे माझे मत आहे. ते का, आणि घाई टाळायची म्हणजे नेमके काय करायचे, ते या लेखात सांगतो.

जाड काचेच्या पेल्यात एकदम उकळता चहा ओतला, तर पेला तडकण्याची भीती असते. आतली बाजू चटकन तापून प्रसरण पावते, बाहेरची बाजू अजून थंडच असते, आणि या ओढाताणीत काच फुटते. तोच पेला आधी कोमट पाण्याने धुऊन हळूहळू तापवला, तर तोच चहा तो खुशाल सहन करतो. तापमान दोन्ही वेळा तेच. फरक असतो तो तापमान बदलण्याच्या वेगाचा. काच म्हणजे कुत्रे नव्हे, हे उघड आहे. उपमेने काही सिद्ध होत नाही. पण प्रश्न कसा विचारावा ते ती सुचवते. ‘हे कुत्रे दुसऱ्या कुत्र्याला सहन करील का?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘किती अंतरावरून, किती वेळ, आणि किती दिवसांत?’ असे विचारले पाहिजे.

भीती ही खोडी नव्हे

भ्यालेल्या कुत्र्याच्या शरीरात काय घडते ते पाहू. धोका जाणवला की काही क्षणांत ॲड्रेनालिन हे संप्रेरक रक्तात मिसळते. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायूंकडे जास्त रक्त जाते, पचनाचे काम मंदावते. त्यामागोमाग कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक वाढते आणि ते उतरायला बराच अधिक वेळ लागतो. म्हणूनच भांडण सोडवल्यावर दहा मिनिटांनी ‘आता झाले ना शांत?’ म्हणून दोघांना पुन्हा समोरासमोर आणणे चुकीचे आहे. वरून शांत दिसणारे कुत्रे आतून अजून धुमसत असते.

पचन मंदावते, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे आपल्याला तिचा उपयोग आहे. फार भ्यालेले कुत्रे आवडीचा पदार्थही खात नाही. म्हणजे भाकरीचा एक तुकडा हे भीती मोजण्याचे साधे, फुकटचे उपकरण आहे.

आणखीही खुणा आहेत. शेपूट दोन पायांमध्ये जाते, कान मागे पडतात, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो. भूक नसता कुत्रे ओठ चाटते, झोप नसता जांभई देते, किंवा अंग ताठ करून जागच्या जागी थिजते. उकाडा नसताना धापा टाकणे हीसुद्धा खूण आहे. मात्र आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा प्रत्येकच कुत्रे धापा टाकते. म्हणून एकाच खुणेवरून अनुमान काढू नये. तीन-चार खुणा एकत्र दिसल्या, तरच ती भीती समजावी.

गुरगुरणे ही तर सर्वांत उपयोगी खूण. ‘आणखी जवळ येऊ नकोस’ एवढेच कुत्रे त्यातून सांगत असते. गुरगुरले म्हणून त्याला फटका मारला, तर ते गुरगुरणे सोडील. भीती मात्र जाणार नाही. उलट दुसरे कुत्रे दिसले की मार बसतो, असा संबंध त्याच्या मनात जुळेल आणि पुढच्या वेळी ते न गुरगुरताच चावेल. तापमापक फोडल्याने ताप उतरत नाही.

१९२४ सालच्या दोन हकिकती

भीती मनात कशी शिरते आणि कशी निघते, हे दाखवणाऱ्या दोन घटना एकाच वर्षातल्या आहेत.

पहिली रशियातली. इव्हान पाव्हलोव्ह यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अन्नाच्या आधी ठरावीक आवाज किंवा अन्य खूण वारंवार दिली, तर पुढे नुसत्या खुणेनेही कुत्र्याला लाळ सुटते, हे त्यांनी दाखवून दिले. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राड शहरात मोठा पूर आला. पाव्हलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्री पिंजऱ्यात अडकली आणि पाणी चढत गेले. ती कशीबशी वाचवण्यात आली. परंतु त्यानंतर काही कुत्र्यांनी शिकवलेल्या खुणांना प्रतिसाद देणे बंद केले. पुढे त्यांतील एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून थोडेसे पाणी सोडून पाहिले, तर ते पुन्हा विलक्षण घाबरले. एका दिवसाचा अनुभव, पण त्याची छाप किती खोल!

दुसरी हकिकत अमेरिकेतली. पीटर नावाचा सुमारे तीन वर्षांचा मुलगा सशाला फार भीत असे. मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेने त्याची भीती घालवण्याचे ठरवले आणि १९२४ साली तो वृत्तान्त प्रसिद्ध केला. तिने पीटरला रागावले नाही, की ससा त्याच्या मांडीवर टाकला नाही. पीटर आवडीचा खाऊ खात बसला असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत दूर ठेवला जाई. तो निवांत खातो आहे असे पाहून पिंजरा थोडा जवळ सरकवायचा. बारा फूट, मग चार फूट, मग तीन, असे करता करता ससा अगदी शेजारी आला. शेवटी पीटर त्याच सशाला हाताने कुरवाळू लागला.

पण ही गोष्ट सरळ रेषेत गेली नाही. मधल्या काळात पीटर आजारी पडून रुग्णालयात होता. तेथून परतताना एक मोठे कुत्रे भुंकत त्याच्या अंगावर आले. पीटर तर भ्यालाच, सोबतची परिचारिकाही घाबरली. झाले! सशाची भीती जवळजवळ पहिल्याइतकी परत आली. जोन्सबाईंनी ‘याचा स्वभावच तसला’ असे म्हटले नाही. त्यांनी पुन्हा दुरून सुरुवात केली.

या दोन हकिकतींतून एक नियम दिसतो. भीती एका झटक्यात शिरते आणि पायरीपायरीने निघते. भित्र्या कुत्र्याच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो: नवे कुत्रे पहिल्याच दिवशी त्याच्या नाकासमोर नेऊन ठेवतो आणि भीतीने तिसऱ्या दिवशी जावे अशी अपेक्षा करतो.

‘लढू द्या, आपोआप ठरेल’

येथे एक जाणकार शेजारी हमखास पुढे येतो. तो म्हणतो, “दोघांना सोडा मोकळे. एकदा लढतील, एक जण मालक ठरेल, मग शांत.” या मताला पूर्वी शास्त्राचाही आधार आहे असे वाटत असे. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचे निरीक्षण करून रुडोल्फ शेंकेल यांनी १९४७ साली लिहिले, की कळपातील लांडगे वरचढपणासाठी झगडतात. डेव्हिड मीच या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९७० सालच्या पुस्तकामुळे ही कल्पना जगभर पसरली. पण पुढे खुद्द मीच यांनीच कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले, आणि १९९९ साली जाहीरपणे लिहिले, की निसर्गातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले, म्हणजे एक कुटुंबच असते. तेथे आईबाप पुढारी असतात ते लढाई जिंकून नव्हे. एकमेकांना अनोळखी लांडगे बंदिस्त जागेत कोंबले, म्हणून ते झगडत होते.

आपल्या दोन खोल्यांच्या घरात दोन अनोळखी कुत्री कोंबली, की आपण तोच पिंजरा तयार करतो. लढाईत एक जिंकते, एक हरते हे खरे. पण हरणारे भित्रे कुत्रे त्यातून काय शिकते? त्याची भीती खरी होती, एवढेच!

प्रयोग कसा करावा

लंबकाचा प्रयोग तुम्ही केला असेल. दोऱ्याची लांबी बदलताना गोळा तोच ठेवतो, कारण एका वेळी एकच राशी बदलायची असते. येथेही तसेच. आपल्या हातात तीन गोष्टी आहेत: अंतर, वेळ आणि जागा. एका दिवशी यांपैकी एकच बदलायची. आणि हा प्रयोग मुलांनी एकट्याने करायचा नाही. घरातील मोठी माणसे बरोबर हवीतच.

पहिली पायरी जनावरांच्या दवाखान्यात. नव्या कुत्र्याला घरी आणण्यापूर्वी, निदान आणल्याबरोबर, पशुवैद्याला दाखवावे. रस्त्यावरच्या पिल्लाला डिस्टेंपर किंवा पार्व्हो हे रोग असू शकतात. त्याला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे लागते, आणि हेच दिवस आपल्या उपयोगाचे आहेत. पिल्लू फार लहान उचलू नये. निदान आठ आठवड्यांचे होईपर्यंत ते आईजवळ आणि भावंडांत असावे. साधारण तीन ते बारा आठवड्यांच्या वयात पिल्लू ‘आपले कोण’ हे शिकते. अमेरिकेत १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, चौदा आठवडे माणसाचा सहवास न मिळालेली पिल्ले नंतर जवळजवळ रानटी जनावरासारखीच वागली. तुमचे जुने कुत्रे भित्रे असेल, तर त्याचे कारण कदाचित त्याच्या त्या कोवळ्या आठवड्यांत दडलेले असेल. त्याचा दोष त्याला कसा द्यायचा?

दुसरी पायरी नाकाची. आपल्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाखांच्या घरात असतात. कुत्र्याच्या नाकात त्या, जातीप्रमाणे कमीजास्त, वीस कोटींच्या आसपास असतात. त्याची ओळखपरेड नाकानेच होते. म्हणून दोघांच्या अंथरुणातील जुन्या गोधडीचे तुकडे अदलाबदल करावेत. जुन्या कुत्र्याच्या जेवणाच्या जागेपासून दूर नव्याचा तुकडा ठेवावा आणि रोज थोडा जवळ आणावा. तो हुंगून ते शांतपणे जेवू लागले, म्हणजे ही पायरी झाली. मात्र पशुवैद्याने पिल्लू निरोगी असल्याचे सांगितल्यावरच हे करावे, कारण कपड्याबरोबर रोगही जातो.

तिसरी पायरी पहिल्या भेटीची. ही भेट घराच्या उंबरठ्यावर होऊ नये; घर ही जुन्याची हद्द आहे. अरुंद बोळातही नको. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की आवाजाची तीव्रता सुमारे एकचतुर्थांश होते. बोळात मात्र भिंतींवरून आवाज परावर्तित होत राहतो आणि भुंकणे तितकेसे कमी होत नाही. शिवाय बोळात मागे सरकायला वाट नसते. म्हणून मोकळे मैदान निवडावे. उन्हाळ्यात भल्या पहाटे जावे, कारण दुपारचे डांबर कुत्र्याचे तळवे भाजते. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल, तर तेथे कुत्र्यालाही चालवू नये.

दोन कुत्री, दोन पट्टे, दोन मोठी माणसे. तोंडे समोरासमोर नकोत. दोघांनी एकाच दिशेने समांतर चालावे, मध्ये तीस पावले अंतर ठेवून. लसीकरण पुरे न झालेल्या पिल्लाला जमिनीवर न ठेवता उचलून घ्यावे. नवे कुत्रे दिसले की जुन्याला आवडीचा छोटा तुकडा द्यायचा: भाकरीचा, उकडलेल्या अंड्याचा. आपली शेंगाचटणी मात्र भाकरीला लावू नका. तिच्यात लसूण असतो, आणि लसूण व कांदा दोन्ही कुत्र्याला अपायकारक आहेत. तुकडा खाल्ला, म्हणजे अंतर बरोबर आहे. तोंड फिरवले, म्हणजे ते कमी पडले. मुकाट्याने पाच पावले मागे या. एका फेरीला पाच-दहा मिनिटे पुरेत. आज सगळे छान झाले म्हणून लगेच अंतर निम्मे करण्याचा मोह टाळावा. तो मोह म्हणजेच घाई.

चौथी पायरी घरातली. मध्ये जाळीचे दार असेल तर उत्तम. नसेल तर आडवी खाट किंवा फळी चालते. अडसराच्या दोन्ही बाजूंना दोघांना वेगवेगळ्या भांड्यांत, अंतरावर जेवण द्यावे. जुन्याची झोपण्याची जागा, फिरण्याची वेळ, हाक मारण्याची पद्धत, यांतले काहीही बदलू नये. नव्याच्या कौतुकात जुन्याची संध्याकाळची फेरी बुडवणे, ही घरोघरी दिसणारी गोष्ट आहे. भित्र्या कुत्र्याला एक अशी जागा हवी, जेथे नव्याने जायचेच नाही. पळून जाण्याची वाट मोकळी असेल, तर लढण्याची गरज उरत नाही.

अडसर काढल्यावरही पहिले काही दिवस दोघांना एकटे सोडू नये. आणि मित्रांनो, दोन कुत्री भांडत असताना मध्ये कधीही हात घालू नका. पाळीव असो वा रस्त्यावरचे, कुत्रे चावले किंवा त्याने ओरखडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की तो रोग जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते.

एक सूचना खास सोलापूरकरांसाठी. आपल्या देशातल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांची पिल्ले बहुतांशी थंडीच्या दिवसांत जन्मतात. मुलांना ती सापडतात साधारण तेव्हाच जानेवारीत सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा भरते आणि होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत. दारूकामाच्या किंवा दिवाळीच्या आठवड्यात नवी ओळख करून देऊ नये. फटाका फुटला त्याच क्षणी नवे कुत्रे समोर असेल, तर फटाक्याची भीती त्या कुत्र्याला चिकटेल. पीटरची गोष्ट आठवा.

घाईची किंमत कोण देते

“एका कुत्र्यासाठी एवढा खटाटोप? येथे माणसांनाच जागा नाही!” असे कोणी म्हणेल. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. सोलापुरात एका खोलीत सहा-सात माणसे राहणारी घरे आहेत. घरात जागा, वेळ आणि माणूसबळ नसेल, तर दुसरे कुत्रे आणू नये, हा निर्णय शहाणपणाचाच आहे. ‘बिचारे एकटे आहे, त्याला सोबत हवी’ हे पुष्कळदा आपणच ठरवतो. कुत्र्याला विचारत नाही. फार भित्र्या किंवा म्हाताऱ्या कुत्र्याला सोबत हे ओझेही होऊ शकते. काही जोड्या महिनोन्‌महिने प्रयत्न करूनही जमत नाहीत. अशा वेळी नव्यासाठी दुसरे चांगले घर शोधणे यात कमीपणा नाही. माझा विरोध आहे तो तिसऱ्या दिवशीच्या पोत्याला.

कारण त्या पोत्याचे पुढे काय होते, ते आता पुष्कळसे ठाऊक आहे. कोलकात्याच्या ‘आयसर’ या संस्थेतील संशोधकांनी रस्त्यावरील ३६४ पिल्लांचा मागोवा घेऊन २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील केवळ १९ टक्के पिल्ले सात महिन्यांची होईपर्यंत जगली. झालेल्या मृत्यूंपैकी ६३ टक्के मृत्यूंना माणूस या ना त्या प्रकारे कारणीभूत होता. ही आईजवळ वाढणारी पिल्ले होती. अनोळखी माळावर एकट्या सोडलेल्या पिल्लाची स्थिती याहून काय बरी असणार?

आणि जे जगते, ते कोठे जाते? आपल्या शहराजवळच नान्नजचा माळ आहे. १९७९ साली तेथे माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. माळढोक आता फारच दुर्मीळ झाला आहे. पण काळवीट आणि लांडगे त्या गवताळ प्रदेशात आहेत. माळढोक जमिनीवर अंडी घालतो. सोडून दिलेली, उपाशी कुत्री माळावर टोळ्या करून फिरतात, जमिनीवरची घरटी आणि पाडसे त्यांच्या तोंडी सापडतात, आणि त्यांच्याकडून लांडग्यांना रोग लागू शकतात. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रे यांचा संकर झाल्याचे जनुकांच्या तपासणीतून २०२३ साली सिद्धही झाले. एका घरातील तीन दिवसांच्या घाईची किंमत अशी दूरवरचे प्राणी देतात.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० सालच्या कायद्याप्रमाणे, जनावराची उपासमार होईल अशा स्थितीत ते सकारण नसता सोडून देणे हा गुन्हा आहे. पण मला कायद्यापेक्षा तुमच्यावर जास्त भरवसा वाटतो. पिल्लू उचलून आणणारे बहुधा तुम्हीच असता आणि ते गावाबाहेर जाताना रडणारेही तुम्हीच. त्या दोन क्षणांच्या मधले दिवस वडीलधाऱ्यांच्या हातून मागून घ्या. “आम्हाला सहा आठवडे द्या,” असे आईवडिलांना, आजी-आजोबांना सांगा. पण नुसता हट्ट नको, हाती पुरावा हवा.

त्यासाठी एक वही करा. तिच्यात सहा रकाने आखा: तारीख, वेळ, दोघांमधील अंतर, तुकडा खाल्ला की नाही, शेपूट कोठे होते, आणि सावरायला किती मिनिटे लागली. रोज एक ओळ लिहा. ज्या दिवशी बिघडले, तो दिवस गाळू नका. प्रयोगात नकोशी नोंद खोडणे हा सर्वांत मोठा अपराध. पंधरा दिवसांनी अंतर आणि दिवस यांचा आलेख काढा. रेषा वरखाली होईल, एखाद्या दिवशी उलटी जाईल, पण एकंदरीत खाली उतरते आहे की नाही, ते डोळ्यांना दिसेल. उतरत असेल, तर ‘जमायचे नाही’ असे म्हणायला घरात कोणी धजणार नाही. उतरत नसेल, तर पशुवैद्याचा सल्ला घ्यायला आणि पिल्लासाठी दुसरे घर पाहायला तुमच्याजवळ ठोस कारण असेल.

शेपूट वाकडेच राहील. ते त्याच्या हाडांच्या ठेवणीमुळे तसे आहे. पण ते पायांत दडलेले राहील की मोकळे हलेल, हे ठरवणे पुष्कळसे आपल्या हाती आहे.